आधी पातं

मेस्त्रींच्या डाव्या हाताची करंगळीशेजारची अनामिका एक पेर आखूड आहे. ते पेर नोकरीच्या पहिल्याच वर्षी गेलं. गवत कापायचं मशीन आडवं पाडून मेस्त्री खाली गुंतलेलं गवत काढत होते. पातं हाताने जरासं फिरवलं आणि बंद पडलेल्या इंजिनाला नेमकी त्याच क्षणी कामाची आठवण झाली. तेव्हापासून एकतीस वर्षं त्यांचा एकच नियम होता. मशीन दुरुस्तीला आलं की आधी पातं काढायचं. काय बिघडलंय हे विचारायचं ते नंतर. काढलेलं पातं लोखंडी कपाटात जाई, कपाटाला कुलूप लागे आणि किल्ली मेस्त्रींच्या खिशात. दुरुस्ती संपून सगळे नटबोल्ट आवळून झाले की शेवटी पातं परत बसवायचं आणि मगच दोरी ओढून इंजिन चालू करायचं. उद्यानात नव्याने लागलेल्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवशी ऐकून घ्यावं लागे. त्यामुळे पाठीमागे सगळे त्यांना ‘आधीपातं’ म्हणत. हे मेस्त्रींना ठाऊक होतं. त्यात चिडवण्यासारखं काय आहे, हे मात्र त्यांना कधी उमगलं नाही.

उद्यानाच्या मागच्या भिंतीला टेकून पत्र्याचं गोदाम आहे. त्याचा अर्धा भाग खतांच्या पोत्यांचा, अर्धा मेस्त्रींचा. त्यांच्या अर्ध्यात एक बाक, बाकाला वस्तू आवळून धरणारा शेगडा, भिंतीवर नट पिळायचे पाने आणि फळीवर तीसेक डबे. एकाही डब्यावर आत काय आहे ते लिहिलेलं नाही. मेस्त्रींना ते माहीत आहे, आणि इतरांना माहीत असण्याची गरज त्यांना वाटत नाही. कोपऱ्यात बारा जुनी टू-स्ट्रोक मशीनं ओळीने उभी असत. त्यांना नावं नव्हती, नंबर होते. तीन नंबर थंडीत कुरकुरे, नऊ नंबर पेट्रोल पिई, सात नंबर एकदम गुणी. घरी बायको म्हणे, ‘‘आपल्या मुलीचा जन्मदिवस विचारला तर ह्यांना आठवावा लागतो. सात नंबरची पिस्टन रिंग कधी बदलली ते मात्र तारखेनिशी सांगतील.’’

मग बॅटरीवर चालणारी सहा नवी मशीनं आली. ती आवाज करत नसत, धूर सोडत नसत आणि बिघडली तर कंपनीचा माणूस येऊन अख्खा डबाच बदलून जाई. पाठोपाठ बैठक लागली. उद्यानाच्या प्रमुख मॅडमनी भंगाराची यादी वाचून दाखवली. त्यात बारा मशीनं होती.

एकतीस वर्षांत मेस्त्री बैठकीत दोनदा बोलले होते, दोन्ही वेळा पंख्याबद्दल. त्या दिवशी ते उभे राहिले.

‘‘मॅडम, सांगाडे गंजलेत, कबूल. इंजिनं गंजलेली नाहीत.’’

‘‘पण मेस्त्री, गवत आता बॅटरीवर कापणार ना आपण?’’

‘‘गवतच कापलं पाहिजे असं कुठंय? माणूस ओढतील ती.’’

‘‘कुठे ओढतील?’’

इथे हशा पिकला. मेस्त्रींनी तो संपेपर्यंत वाट पाहिली आणि सांगितलं की तरुणपणी एका मासिकात त्यांनी असल्याच इंजिनांवर चालणाऱ्या गो-कार्ट पाहिल्या होत्या. जमिनीला टेकलेली, बिनछपराची छोटी गाडी. उद्यानात सिमेंटचा लंबगोल ट्रॅक वर्षानुवर्षं रिकामा पडलाय. बारा इंजिनं, बारा गाड्या, पोरं खूश.

मॅडम हसल्या नाहीत. त्या लिहिणाऱ्या बाई होत्या. त्यांनी तिथेच कागदावर लिहिलं आणि सही करून मेस्त्रींना दिलं: ‘गोदामाच्या दारापासून मुख्य फाटकापर्यंत, चालक बसलेला असताना, स्वतःच्या इंजिनाच्या शक्तीने वाहन नेऊन दाखवल्यास बारा इंजिने यादीतून वगळण्यात येतील.’ खाली तारीख, चार आठवड्यांनंतरच्या शुक्रवारची. त्याच दिवशी अकरा वाजता भंगारवाल्यांचा ट्रक यायचा होता. मेस्त्रींच्या निवृत्तीला साडेचार महिने उरले होते. इंजिनं भट्टीत गेली तर एकतीस वर्षं आपण नक्की काय सांभाळत होतो, हा प्रश्न त्यांना उरलेलं आयुष्य पुरला असता.

सुरुवात झोकात झाली. चौकट वेल्डिंगवाल्याने करून दिली. मोडक्या मोपेडचा क्लच मिळाला. इंजिनाचा वेग वाढला की आपोआप पकडणारा. अडचण एवढीच की गवताच्या मशीनमध्ये इंजिनाचा दांडा खाली जमिनीकडे असतो, आणि गाडीची साखळी फिरवायला तो आडवा लागतो. म्हणजे इंजिनाला कुशीवर झोपवायला हवं. टू-स्ट्रोकला हे चालतं. त्याच्या पोटात वंगणाचं तेल साठलेलं नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळून येतं. मात्र इंजिन झोपवलं की पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कार्बोरेटरही झोपतो, आणि झोपलेल्या कार्बोरेटरमधून पेट्रोल नुसतं वाहत सुटतं. मेस्त्रींनी नळीचा कोपरा करून कार्बोरेटर पुन्हा उभा केला. याला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत ते शीळ घालत होते, असं खताकडची माणसं सांगतात.

नवव्या दिवशी त्यांनी पाच नंबरच्या इंजिनाची दोरी ओढली. इंजिनाने एकदा खोकल्यासारखं केलं आणि दोरी उलटी खेचून घेतली. इतक्या जोरात, की मूठ चौकटीवर आपटली. मेस्त्री म्हणाले, ‘‘अच्छा.’’

दुसऱ्यांदा ओढली. पुन्हा तेच. सातव्यांदा त्यांनी ‘अच्छा’ म्हणणं सोडलं आणि जे म्हटलं ते इथे देता येत नाही.

मग प्लग बदलला. कॉइल बदलली. कार्बोरेटर चार वेळा उघडला, चार वेळा धुतला. पाच नंबर उतरवून तीन नंबर चढवलं, तीन उतरवून अकरा. प्रत्येक इंजिन आधी रीतसर त्याच्या सांगाड्यातून सोडवायचं, म्हणजे अर्थातच आधी पातं काढायचं, मग झोपवायचं, मग दोरी ओढायची आणि मग मनगट चोळत बसायचं. दोन आठवड्यांत सात इंजिनं झाली. सातही तशीच. गुणी म्हणून नावाजलेल्या सात नंबरनेही हात दाखवला, तो मेस्त्रींना फार लागला, हाताला नव्हे.

‘‘काय झालंय तरी काय हाताला?’’ बायकोने मलमाची डबी उघडत विचारलं.

‘‘काही नाही. इंजिनं रुसलीत.’’

‘‘सगळीच्या सगळी? एकदम?’’

‘‘हो.’’

‘‘मग इंजिनं नसतील रुसली. दुसरंच कोणी चुकत असेल.’’

मेस्त्रींनी मनगट काढून घेतलं आणि अर्ध्याच मलमावर झोपायला गेले.

इथे विहीणबाईंना आणावं लागतं. विहीणबाई उद्यानात माळीकाम करत. मेस्त्रींची मुलगी त्यांच्या मुलाला दिलेली. त्यामुळे दोघं एकाच ठिकाणी कामाला असूनही एकमेकांशी लग्नाच्या मांडवात असल्यासारखी बोलत. ‘अहो’, ‘जाहो’, आणि त्या आदराच्या आडून जे काय द्यायचं ते देत. बॅटरीची मशीनं सपाट हिरवळीवर चालत. उताराचं दाट गवत विहीणबाई अजून दोन नंबरच्या जुन्या मशीनने कापत. चौथ्या आठवड्याच्या सोमवारी ते मशीन ढकलत त्या गोदामाच्या दारात आल्या.

‘‘काय म्हणतात व्याही? गाडी हलली का?’’

‘‘हलेल.’’

‘‘नाही, शुक्रवार जवळ आला म्हणून विचारलं. माझं तर बाई एका ओढीत चालू होतं.’’ आणि त्यांनी तिथेच उभ्या उभ्या दोरी ओढली. दोन नंबर एका ओढीत चालू झालं. निळा धूर गोदामभर झाला.

मेस्त्रींनी हाताने धूर बाजूला सारला. मग म्हणाले, ‘‘बंद करा. आणि ते मशीन इथेच ठेवून जा.’’

‘‘अहो, उताराचं गवत?’’

‘‘गवत कुठे पळून चाललंय?’’

विहीणबाई खताच्या पोत्यावर बसून राहिल्या. जे घडेल ते पाहिल्याशिवाय जाणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. मेस्त्रींनी दोन नंबर आडवं पाडलं, पातं काढलं, कपाटात ठेवलं, कुलूप लावलं. इंजिन सोडवून चौकटीवर झोपवलं. तासाभराने दोरी ओढली. दोन नंबरने मेस्त्रींची मूठ चौकटीवर आपटली.

‘‘बघा!’’ मेस्त्री म्हणाले. स्वतःचं इंजिन चालत नाही याचा एवढा आनंद झालेला माणूस क्वचित दिसतो. ‘‘हेही तसंच!’’

‘‘पण आत्ता तर चालत होतं.’’

‘‘तेच तर!’’

‘‘मग तासाभरात तुम्ही त्याचं काय काढलंत?’’

‘‘काही नाही. झोपवलं फक्त.’’

‘‘आणि पातं.’’

‘‘पातं तर काढावंच लागतं!’’

‘‘नाही, मी आपली मोजत होते. चालत होतं तेव्हा पातं होतं. आता नाही.’’

‘‘विहीणबाई,’’ मेस्त्री फार सावकाश म्हणाले, ‘‘पात्याने गवत कापतात. इंजिन पेट्रोलने चालतं.’’

‘‘असेल बाई. तुमचा विषय.’’ त्या उठल्या आणि पदर झटकून निघून गेल्या. एवढ्या नम्रपणे दिलेलं उत्तर मेस्त्रींना दोन दिवस पचलं नाही.

बुधवारी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मेस्त्रींनी गोदामाचं दार आतून लावून घेतलं. दोन नंबर परत त्याच्या सांगाड्यात बसवलं आणि पात्यासकट दोरी ओढली. चालू झालं. बंद केलं. पातं काढलं. ओढली. उलटा झटका. पातं लावलं. चालू. पातं काढलं. झटका. असं त्यांनी पाच वेळा केलं, आणि पाचही वेळा निकाल विहीणबाईंच्या बाजूने लागला.

मग ते उपडी बादली ओढून तिच्यावर बसले. गोष्ट इतकी साधी होती की राग यावा. दोरीने इंजिन फिरवलं की पहिला भडका उडतो आणि पिस्टनला उलटं ढकलायला बघतो. त्याला न जुमानता इंजिनाला पुढे नेतो तो फिरत्या वजनाचा जोर, आणि या मशीनमध्ये ते वजन म्हणजे पातंच. बनवणाऱ्याने पात्याच्या भरवशावर इंजिनाचं आतलं चाक हलकंफुलकं केलेलं. हे मेस्त्रींना एकतीस वर्षांत कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण या गाडीच्या आधी एकतीस वर्षांत त्यांनी पातं नसताना एकदाही दोरी ओढलेली नव्हती. नियमच तसा होता. ज्या नियमाने नऊ बोटं शाबूत राखली, त्यानेच सात इंजिनांना नालायक ठरवलं होतं.

गाडीला पातं लावता येत नाही. पाहणाऱ्यांच्या पायांचा प्रश्न येतो. वजन गोल हवं आणि बिनधारेचं हवं. मेस्त्री उतारावर गेले. विहीणबाई विळ्याने गवत कापत होत्या; त्यांचं मशीन मेस्त्रींकडेच होतं.

‘‘विहीणबाई.’’

‘‘बोला व्याही.’’

‘‘पात्याचं...’’ मेस्त्रींनी घसा खाकरला. ‘‘पात्याचं तुम्ही म्हणालात त्यात तथ्य आहे.’’

‘‘किती?’’

‘‘काय किती?’’

‘‘तथ्य.’’

‘‘सगळंच,’’ मेस्त्री उताराकडे बघत म्हणाले. ‘‘आता लोखंडाची जड चकती पाहिजे. चार-पाच किलोची.’’

विहीणबाईंनी विळा खाली ठेवला. ‘‘तुमच्या जावयाने व्यायामाला घेतलेल्या आहेत ना. पाच-पाच किलोच्या. एकदाच उचलल्यात त्यांनी, दुकानातून घरी आणताना.’’

चकती गुरुवारी सकाळी आली. लेथवाल्याने तिच्या भोकात दांड्याच्या मापाचा बुश, म्हणजे लोखंडी नळकांडं, ठोकून दिला. दुपारी तीन वाजता मेस्त्रींनी सहा नंबरचं इंजिन चौकटीवर झोपवलं, कारण सात नंबरशी त्यांचं अजून बोलणं नव्हतं. मागची चाकं विटांवर उचलून धरली, चकती आवळली, साखळी चढवली आणि दोरी ओढली. एका ओढीत इंजिन चालू झालं. वेग दिला तशी चाकं गरागरा फिरायला लागली. विहीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. खताकडची दोन माणसं पोती टाकून धावत आली. मेस्त्रींनी डोळ्यांत धूर गेल्याचं सांगितलं. चाकं फिरतायत हे सगळ्यांनी पाहिलं. ती कुठल्या बाजूला फिरतायत हे कोणीही पाहिलं नाही.

ते शुक्रवारी सकाळी साडेदहाला कळलं. मेस्त्रींनी विटा काढल्या, गाडी दारात आणली, तोंड फाटकाकडे केलं, बसले, आणि वेग दिला. गाडी मागे गेली. गोदामात रचलेल्या रिकाम्या कुंड्यांच्या उतरंडीत शिरूनच ती थांबली.

कुंड्या फुटायच्या थांबल्यावर विहीणबाई म्हणाल्या, ‘‘व्याही, हिला कदाचित जायचं नाहीये.’’

मेस्त्री उतरले. इंजिनाकडे बघितलं, साखळीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. एकतीस वर्षं इंजिन उभं पाहिलेलं. उभ्या इंजिनाला पुढेमागे नसतं. पातं इकडून फिरलं काय, तिकडून फिरलं काय, गवताची तक्रार नसते. इंजिन झोपवलं की मात्र दांडा गाडीच्या डावीकडे काढला तर गाडी पुढे जाते आणि उजवीकडे काढला तर मागे. ब्रेक डावीकडे होता म्हणून मेस्त्रींनी साखळी उजवीकडे घेतली होती. बाजू बदलायची तर नळीचा कोपरा नवा, पट्ट्या नव्या, साखळीची जागा नवी. दोन दिवसांचं काम. फाटकातून भंगारवाल्यांचा ट्रक आत येताना दिसत होता.

मेस्त्रींनी खिशातून मॅडमचा कागद काढला. चष्मा लावून दोनदा वाचला. मग विहीणबाईंना दिला.

‘‘वाचा. तोंड कुठे पाहिजे असं काही लिहिलंय का?’’

विहीणबाईंनी ओठ हलवत वाचला. ‘‘दार आहे, फाटक आहे, चालक आहे, शक्ती आहे. तोंड नाही.’’

‘‘मग धरा मागून. फिरवा हिला.’’

गाडीची पाठ फाटकाकडे झाली. मेस्त्री बसले; आता त्यांच्या समोर गोदाम होतं आणि फाटक पाठीशी, अडीचशे पावलांवर, मध्ये तळ्याच्या काठाने एक वळण. फाटकाशी मॅडम यादी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हे सगळं पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. ट्रक मेस्त्रींना ओलांडून गोदामाच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

पहिली वीस पावलं मेस्त्री मान मागे वळवून गेले. एकविसाव्या पावलाला मानेत कळ आली आणि मान पुढे वळली ती वळलीच. मागे वळायचं नाव घेईना.

‘‘विहीणबाई! मला मागचं दिसत नाहीये!’’

‘‘मी आहे ना! चला! उजवीकडे घ्या!’’

मेस्त्रींनी उजवीकडे घेतलं. गाडीचं मागलं टोक फुलझाडांच्या वाफ्याला चाटून गेलं.

‘‘तुमच्या उजवीकडे नाही, माझ्या!’’

‘‘तुमचं तोंड कुठे आहे?’’

‘‘फाटकाकडे!’’

‘‘मग नीट सांगा ना, डावीकडे म्हणून!’’

‘‘बरं, तुमच्या डावीकडे! अजून! बास! आता सरळ!’’

वळण निम्मं झालं तेव्हा मेस्त्रींना समोर गोदामाचं दार दिसलं आणि दारातून दोन हमाल एक इंजिन उचलून आणताना दिसले. घड्याळात अकरा वाजले होते, हमालांकडे यादी होती आणि यादीवर अजून काट नव्हती. त्यांनी इंजिन ट्रकवर भिरकावलं. इंजिनाच्या आवाजातही लोखंडावर लोखंड आदळल्याचं मेस्त्रींना ऐकू आलं.

‘‘अहो! ठेवा ते खाली! ए!’’

हमालांनी प्रेमाने हात हलवला.

‘‘विहीणबाई, ते भरतायत! इंजिनं भरतायत!’’

‘‘तुम्ही चालवा!’’

‘‘थांबवा कोणीतरी त्यांना!’’

‘‘कोण थांबवणार? मी गेले तर तुम्ही तळ्यात जाल! चालवा, व्याही!’’

इथे थांबता येत होतं. उतरून धावत जाता आलं असतं. पण गरम झालेलं इंजिन पुन्हा चालू होईल याची खात्री नव्हती, आणि फाटक गाठल्याशिवाय त्या कागदाला अर्थ नव्हता. गाडीला पुढे जाता येत नव्हतं. मेस्त्री तसेच बसले, मूठ घट्ट धरून, वाचवायच्या इंजिनांकडे तोंड करून त्यांच्यापासून लांब लांब जात. दुसरं गेलं. तिसरं गेलं. चौथं उचललं ते सात नंबर होतं; हिरव्या टाकीवरून ते एवढ्या लांबूनही ओळखू आलं.

‘‘हळू टाका रे! ते सात नंबर आहे!’’ मेस्त्री ओरडले. ‘‘सात नंबर!’’

हमालांनी सात नंबरही इतरांसारखंच टाकलं.

‘‘डावीकडे,’’ विहीणबाईंचा आवाज आता अगदी जवळून, सावकाश येत होता. ‘‘तुमच्या. थोडं. आता काही करू नका. येऊ द्या. येऊ द्या.’’

गाडीची पाठ फाटकाच्या खांबाला ठक्कन लागली आणि इंजिन बंद पडलं. शांतता झाली. निळा धूर अडीचशे पावलांच्या रस्त्यावर वळण घेऊन लोंबकळत होता.

मेस्त्रींची मान वळत नसल्यामुळे मॅडमना समोर येऊन उभं राहावं लागलं.

‘‘मेस्त्री, ही उलटी चालते.’’

‘‘दोन दिवसांत सुलटी करतो. आधी त्यांना थांबवा हो.’’

मॅडमनी यादीवर रेघ मारली, खाली सही केली आणि कागद विहीणबाईंच्या हाती दिला. विहीणबाई तो डोक्यावर धरून, चपला हातात घेऊन धावल्या. सत्तावन्न वर्षांच्या बाईला तेवढं धावताना त्या उद्यानात आधी कोणी पाहिलेलं नव्हतं.

‘‘बारा गाड्या होतील म्हणालात,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘तुमच्याकडे महिने किती?’’

‘‘साडेतीन.’’

मॅडमनी वहीत लिहिलं: ‘वाहन चालते. दिशा तपासावी.’

मेस्त्री गोदामाशी पोचले तेव्हा विहीणबाई आणि हमाल यांच्यात चर्चा चालू होती. पाच इंजिनं ट्रकवर होती. भरणं हे आपलं काम, उतरवणं नाही, असं हमालांचं म्हणणं होतं आणि ते कागदोपत्री खरं होतं. मेस्त्री ट्रकवर चढले. वाकडी मान आणि सुजलेलं मनगट घेऊन त्यांनी पाचही इंजिनं एकेक करून कडेला आणली. विहीणबाईंनी खालून घेतली. शेवटचं सात नंबर. इंजिन थंड ठेवणाऱ्या त्याच्या बाहेरच्या पट्ट्यांपैकी दोन तुटल्या होत्या आणि कार्बोरेटर अर्धा चेपला होता.

मेस्त्रींनी ते बाकावर ठेवलं.

‘‘दोन आठवडे,’’ ते म्हणाले. ‘‘एकट्या ह्यालाच दोन आठवडे.’’

‘‘जातील की,’’ विहीणबाई म्हणाल्या. ‘‘ते होईल. माझं दोन नंबर कधी देताय? उतार तसाच पडलाय.’’

मेस्त्रींनी खिशातून कपाटाची किल्ली काढली आणि न बघता, कारण मान तिकडे वळत नव्हती, त्यांच्यापुढे धरली.

‘‘पातं तिथे आहे. तुम्हीच लावून घ्या,’’ ते म्हणाले. ‘‘सगळ्यात शेवटी लावा.’’